शिंप्याच्या मुलीने मोजलेली हृदयं

दोन वर्षांची असताना तिने कोटाचं एक बटण गिळलं. तिसऱ्या दिवशी ते ज्या मार्गाने यायचं त्या मार्गाने बाहेर आलं, आईने धुऊन पुसून पुन्हा त्याच कोटाला लावलं, आणि गिऱ्हाईक तो कोट घालून खुशीत निघून गेलं. एवढ्या भांडवलावर गल्लीने पोरीचं नाव ‘बटण’ ठेवलं ते कायमचं. कागदोपत्री तिला चारचौघींसारखं चांगलं नाव आहे, पण ते फक्त हजेरीपटाला माहीत.

बटणचे वडील शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत घर, आणि मधे एक पडदा. दुकानात दोन मशीनं आणि कापडं बेतायचं एक लांबलचक टेबल. वडील सकाळी त्या टेबलापाशी उभे राहिले की जेवायलाच काय ते बसायचे. आई काज-बटण आणि हातशिलाई सांभाळायची. मुलीला अक्षरओळख व्हायच्या आधी टेप वाचता यायला लागला. दहा वर्षांची असताना ती मोठमोठ्या माणसांना स्टुलावर चढून दम द्यायची, “काका, पोट आत घेऊ नका, खोटं माप येतं. सोडा श्वास.” आणि काका निमूटपणे श्वास सोडायचे.

वडिलांनी तिला एकच गोष्ट पुन्हापुन्हा शिकवली होती. माप घेताना कुठे अडलं, टेपाची रेघ दोन खुणांच्या मधे आली, तर बाहेरची खूण धरायची. जादा कापड शिवणीत दुमडता येतं, पुढेमागे माणूस सुटला तर उसवून वापरता येतं. कमी पडलेलं कापड आणायचं कुठून? असं बोट-दीड बोट प्रत्येक शिवणीला सोडायची त्यांची रीत होती आणि त्यांच्या हातचा कपडा दहा दहा वर्षं अंगाला होत असे. मुलीच्या हाताला हे इतकं मुरलं होतं की विचारलं असतं तर तिला सांगताही आलं नसतं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिने फलकावर ती सूचना वाचली. हृदयरोगाच्या एका संशोधन संस्थेत उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा आठवड्यांचं प्रशिक्षण होतं. ‘ज्यांच्या घरातून किंवा समाजातून संशोधनाच्या क्षेत्रात आजवर फारसं कुणी आलेलं नाही, अशा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी’ असं खाली लिहिलं होतं. बटणने ती ओळ तीनदा वाचली. आजवर प्रत्येक फॉर्मने तिला विचारलं होतं की बाई गं, तुझ्याकडे काय काय आहे? ह्या फॉर्मने पहिल्यांदाच विचारलं, काय काय नव्हतं ते सांग. आणि ह्या विषयाचा तिचा अभ्यास पक्का होता.

रसायनशास्त्राचे सर मागेच उभे होते. “आजच्या आज भर,” ते म्हणाले. “उद्यावर टाकलंस तर मी भरीन, आणि माझं अक्षर तुला माहीत आहे.”

अर्ज तिने भरला आणि निवडही झाली. एकूण अकरा जण होते. कुणाचे वडील ट्रक चालवत, कुणाची आई इस्पितळातच फरशी पुसायची, एकीच्या गावात तर डॉक्टर आठवड्यातून एकदा येत असे. पहिल्या दिवशी सगळ्यांना पांढरे कोट दिले. ते शिवणाऱ्याने माणसं बघून शिवले नव्हते एवढं नक्की. बाह्या बोटांच्या पुढे चार अंगुळं लोंबत होत्या. बटणने पिशवीतून सुईदोरा काढला आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत अकराच्या अकरा कोटांच्या बाह्या मापात आणल्या. तेव्हापासून संस्थेत तिला ओळखत नाही असं कुणी उरलं नाही.

ह्या अकरा जणांपैकी दोघांना उन्हाळ्यानंतर वर्षभर तिथेच काम करायला मिळणार होतं. कॉलेज सांभाळून, संध्याकाळचे तीन तास, त्याच यंत्रांवर. त्या दोन जागांतली एक आपली व्हावी ह्यापलीकडे बटणला त्या उन्हाळ्यात दुसरं काही म्हणजे काही नको होतं. दुकानाचा तिला कंटाळा होता असं नाही. पण पहिल्याच आठवड्यात तिने पडद्यावर जिवंत माणसाचं हृदय हलताना पाहिलं होतं, आणि ते पाहिल्यावर परत जाऊन कॉलरी उलटवत बसणं आता जड जाणार, हे तिचं तिला कळून चुकलं होतं.

ते हृदय तिला दाखवलं मिलिमीटरबाईंनी. ह्या बाईंविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

बाई डॉक्टर नव्हत्या. विशीत असताना त्या ह्या संस्थेत यंत्रांवर सांडलेलं जेल पुसायच्या कामाला लागल्या. पुसता पुसता पडद्याकडे बघायच्या. बघता बघता विचारायला लागल्या, विचारता विचारता शिकल्या, आणि तिशीच्या आत परीक्षा देऊन इको करणाऱ्या तंत्रज्ञ झाल्या. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. गेल्या तीस वर्षांत किती हृदयं बघितली ह्याचा हिशेब त्यांनी सोडून दिला होता, पण एकेका मिलिमीटरवरून मोठमोठ्या डॉक्टरांशी भांडायचं मात्र सोडलं नव्हतं. म्हणून ते नाव. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, असा माझा अंदाज आहे.

बटणला दिलेलं काम असं होतं. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या माणसांच्या हृदयावर काय परिणाम होतो, ह्याचा अभ्यास चालला होता. गवंडी, आचारी, हमाल, दुकानातले विक्रेते अशा एकशे चाळीस जणांच्या हृदयाची चित्रं एका पथकाने त्यांच्या कामाच्या ठिकाणी जाऊन घेतली होती. चित्रावर नाव नाही, नुसता क्रमांक. बटणने प्रत्येक चित्रातल्या डाव्या कप्प्याच्या भिंतीची जाडी मोजायची. रक्तदाब वाढलेला असला की ही भिंत जाड होत जाते, आणि जाड झालेली भिंत हे पुढच्या दुखण्याचं लक्षण असतं.

“हृदय पूर्ण फुगलं की चित्र थांबवायचं,” बाई म्हणाल्या. “ही भिंत. इथे सुरू झाली, एक फुली. इथे संपली, दुसरी फुली. मधलं अंतर यंत्र सांगतं. ना अलीकडे, ना पलीकडे.”

“पण बाई, कड तर धूसर आहे. संपली नक्की कुठे?”

“बघत राहायचं. कंटाळा येईपर्यंत बघायचं आणि मग आणखी थोडं बघायचं.”

पहिली वीस चित्रं दोघींनी शेजारी बसून केली. बाई पडद्यावर बोट ठेवायच्या, बटण बोटाखाली फुली ठेवायची. दोघींचे आकडे अगदी जुळले. ‘वीस तपासली, जुळली’ असं लिहून बाईंनी सही केली, कागद फायलीला लावला आणि त्या महिनाभराच्या रजेवर गेल्या. कारण काय, तर मोतीबिंदू. तीस वर्षं दुसऱ्यांच्या हृदयातली केसाएवढी रेघ शोधणाऱ्या बाईंना आपल्या डोळ्यातला एवढा मोठा पडदा दिसला नव्हता.

बाई गेल्या तशी बटण एकटीच त्या गार खोलीत बसायला लागली. एक टेबल, एक पडदा, खिडकीला जाड पडदे, बाहेर कडक ऊन. सकाळी नऊला यायची आणि पाचला जायची. प्रत्येक चित्र तीन वेळा मोजायची. जेवायला इतर दहा जण हाका मारायचे तेव्हा “एवढं एक” म्हणून पाच करून यायची. डोळ्यांत तेल घालून काम करणं कशाला म्हणतात ते तिच्याकडे बघून कळलं असतं. सहाव्या आठवड्याच्या अखेरीला एकशे चाळीस चित्रं मोजून झाली.

संशोधनाच्या प्रमुख असलेल्या मोठ्या मॅडमनी आकडे बघितले आणि डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर आणला. मॅडमचा चष्मा नेहमी डोक्यावर असायचा आणि त्या तो टेबलावर शोधत असायच्या, तेव्हा ही साधी गोष्ट नव्हती.

“निरोगी माणसाची भिंत अकरा मिलिमीटरपर्यंत,” त्या म्हणाल्या. “आपल्या माणसांची सरासरी साडेबारा! चाळीस-पन्नास जण तर तेरा-चौदाच्या घरात. अगं, हे फार मोठं आहे.” त्यांनी तिला खुर्ची दिली. “ह्या लोकांना एकेक करून बोलावून नीट तपासायला लागेल. यादी मोठी आहे, हिवाळा उजाडेल, पण करू. बाहेरच्या दोन संस्थांना मी आजच कळवते. शेवटच्या दिवशी सभागृहात तू बोलायचंस. जागेचं मी आत्ता काही सांगत नाही.” आणि त्या अशा हसल्या की सांगायचं काही शिल्लक राहिलं नाही.

बटणला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं. घरी वडिलांनी सगळं दोनदा वदवून घेतलं आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेता घेता सांगितलं. आईने फक्त एवढंच विचारलं, “म्हणजे सगळ्या उभ्यानं काम करणाऱ्यांची हृदयं खराब?” आणि पडद्यातून नवऱ्याकडे बघितलं. नवरा टेबलापाशी उभा होता.

त्या संस्थेत एक जुना रिवाज होता. आठव्या आठवड्याच्या अखेरीला प्रत्येक विद्यार्थ्याने घरचं एक माणूस आणायचं आणि बाईंच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने त्याचा इको करायचा. नुसते क्रमांक मोजून माणूस दगड होतो, एक तरी हृदय आपल्या ओळखीचं बघावं, असं मिलिमीटरबाईंचं म्हणणं होतं आणि तो रिवाज त्यांनीच पाडला होता. बाई दोनच दिवसांपूर्वी काळा चष्मा लावून रुजू झाल्या होत्या. “सगळं फारच स्वच्छ दिसतंय,” त्या तक्रारीच्या सुरात सांगत होत्या. “ह्या खोलीला रंग द्यायला हवा हे मला कुणी बोललंच नाही.”

वडिलांनी अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं. कुणा गिऱ्हाइकाने शिवायला टाकून कधीच न नेलेलं एक जाकीट त्यांनी अंगावर चढवलं होतं. संस्थेत आल्यावर त्यांना तपासणीचा झगा घालायला दिला, तर ते तो उलटा करून शिवण बघत बसले. “ही बाही उलटी लावलीय,” ते बाईंना म्हणाले. “आणि इथे टाका सुटलाय. माझ्याकडे पाठवा, मी करून देतो.”

“आधी झोपा,” बाई म्हणाल्या.

वडील झोपले. बटणने त्यांच्या छातीवर जेल लावून यंत्राचा प्रोब टेकवला आणि पडद्यावर त्यांचं हृदय आलं. वडील मान वळवून बघत राहिले.

“हे माझं?” त्यांनी विचारलं. “सारखं असंच चाललेलं असतं? मी झोपलो तरी?”

“हो, बाबा.”

“बिचारं,” वडील म्हणाले.

बटणला हसू आलं. हसतच तिने चित्र थांबवलं, फुल्या ठेवल्या आणि आकडा बघितला. तेरा. हसू तिथेच जिरलं. तिने पुन्हा मोजलं. तेरा. तिसऱ्यांदा सव्वातेरा. एकशे चाळीस माणसं मोजताना तिला आकड्याची भीती वाटली नव्हती. आता वाटली. चाळीस वर्षं हा माणूस टेबलापाशी उभा आहे. आपल्याला कधी सुचलं नाही की त्यांना स्टूल द्यावं.

वडील जेल पुसायला कोपऱ्यातल्या पडद्याआड गेले तशी ती बाईंना हळूच म्हणाली, “बाई, तेरा आहे. बाबांना काही त्रास होत नाही, पण तेरा आहे. काय करायचं?”

बाईंनी काळा चष्मा काढला, खुर्ची ओढली आणि स्वतः फुल्या ठेवल्या. एकदा, दोनदा, तीनदा.

“साडेदहा,” त्या म्हणाल्या. “काही झालेलं नाही तुझ्या बाबांना. ठणठणीत हृदय आहे.”

बटणचा जीव भांड्यात पडला. ती भिंतीला टेकली, डोळ्यांतलं पाणी बाहीने पुसलं आणि मनातल्या मनात कुणाकुणाचे आभार मानून टाकले. दोन श्वास तिने सुखाने घेतले असतील नसतील.

“आता तू ठेव बरं फुल्या,” बाई म्हणाल्या.

तिने ठेवल्या.

“ही दुसरी फुली इथे का? भिंत तर अलीकडेच संपली.”

“तिथे धूसर आहे ना, म्हणून थोडं बाहेरून घेतलं. कमी पडायला नको.”

“बरोबर आहे,” पडद्याआडून वडिलांचा अभिमानाने भरलेला आवाज आला. “अडलं की बाहेरची खूण धरायची. मीच शिकवलंय तिला.”

वडील जाकिटाची बटणं लावत बाहेर आले आणि दोघींचे चेहरे बघून जागच्या जागी थांबले. बटण पडद्याकडे बघत होती. बाईंच्या बोटाखाली केलेली वीस चित्रं ठीक होती. उरलेल्या एकशे वीस हृदयांना तिने शिवणीसाठी कापड सोडलं होतं.

“सगळी?” बाईंनी विचारलं.

“जिथे कड धूसर होती तिथे सगळी.” आणि कड कुठे धूसर नव्हती?

बाईंनी तिला रागावायला हवं होतं. त्या रागावल्या नाहीत. “तुला एकटीला सोडून गेले ती चूक माझीही आहे,” त्या म्हणाल्या. “वीस बघून सही करून मोकळी झाले. आता माझ्या त्या सहीमुळे हे पुन्हा कुणी उघडून बघणार नाही. मी मॅडमकडे आज जाणार नाही. आधी तू काय करतेस ते तू ठरव.” त्यांनी चष्मा लावला आणि पुढच्या विद्यार्थ्याच्या आईला आत बोलावलं.

बटण वडिलांना सोडायला बसथांब्यापर्यंत गेली. रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. तिने त्यांना सगळं सांगितलं. मी बोलले नाही तर जागा जवळजवळ हातात आहे. बोलले तर मॅडमचा साडेबाराचा शोध फुसका, बाहेर कळवलेलं मागे घ्यावं लागणार, आणि मग मला जागा कोण देणार?

वडिलांना पहिलं ऐकू आलं ते वेगळंच. “म्हणजे माझ्यामुळे झालं,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका पडला की बटणला स्वतःचं दुःख क्षणभर विसरायला झालं.

“नाही हो बाबा. तुमचं कापडाला बरोबर आहे. हे कापड नाही हे मला कळायला हवं होतं.”

वडिलांनी जाकिटाची बाही सारखी केली. “किती आहेत?”

“एकशे वीस.”

“उसवून पुन्हा करायला किती दिवस?”

“नऊ. दहाव्या दिवशी कार्यक्रम आहे.”

“मग इथे उन्हात माझ्याबरोबर काय करतेस?” वडील म्हणाले. “मला बस कळते. जा तू.”

ह्या गोष्टीत वाईट माणूस कुणीच नाही, त्याला माझा इलाज नाही. पण चांगल्या माणसांनाही राग येतो. मोठ्या मॅडमनी बटणकडून सगळं ऐकलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “कालच त्या लोकांचं उत्तर आलं. अभिनंदन केलंय.” मग त्यांनी आकड्यांची फाईल उघडली आणि पुन्हा मिटली. बटणला वाटलं, आता जा म्हणतील. “मला आत्ता तुझ्याशी बोलायचं नाही,” शेवटी त्या म्हणाल्या. “मोज. आणि ह्यावेळी प्रत्येक दहावं चित्र बाई बघतील.”

बटण परत त्या गार खोलीत बसली. पहिले दोन दिवस तिचा हात सारखा बाहेर जायचा. फुली ठेवायची, मग स्वतःच्याच हातावर नजर ठेवायची आणि फुली आत आणायची. प्रत्येक दहाव्या चित्राला बाई यायच्या, वाकून बघायच्या आणि “हं” म्हणून जायच्या. पाचव्या दिवशी हाताला कळलं. आकडे खाली यायला लागले. दहा. साडेदहा. नऊ. अकरा. उभं राहून काम करणारी माणसं चारचौघांसारखीच निघाली. विज्ञानाच्या दृष्टीने ह्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. घरी आईने मात्र ते ऐकून हातातली सुई खाली ठेवली आणि “देवा, बरं झालं” म्हणाली.

नवव्या दिवशी ती एकशे अडतिसाव्या क्रमांकाशी आली. चौदा. तिने डोळे चोळले. ह्या चित्रात कड लख्ख दिसत होती, धूसर काहीच नव्हतं, त्यामुळे पहिल्या वेळेलाही हात कुठे गेला नव्हता. पहिल्या वेळेला चौदाच होतं. फक्त तेव्हा आजूबाजूला तेरा-चौदावाल्यांची गर्दी होती आणि हा माणूस त्यात कुणाच्या नजरेत भरला नव्हता. आता सगळे खाली बसले होते आणि हा एकटा उभा राहिला होता.

तिने बाईंना हाक मारली. बाईंनी मोजलं, आणि ह्यावेळी “हं” म्हणाल्या नाहीत. त्या थेट मॅडमकडे गेल्या. हिवाळ्यापर्यंत लांबलेली यादी आता एका माणसाची झाली होती. त्याच दुपारी त्याला फोन गेला.

शेवटच्या दिवशी सभागृह भरलं होतं. ट्रकवाले, फरशी पुसणारी आई, भावंडं, मागे उभे राहिलेले शिक्षक. बटणने आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी दाखवले आणि फरक कुठून आला ते सांगितलं. शिंप्याकडे माप बाहेरून घेतात असं ती म्हणाली तेव्हा लोक हसले, आणि तिसऱ्या रांगेतला जाकीटवाला माणूसही त्यांच्याबरोबर हसला. मग तिने आभार मानले. सरांचे, बाईंचे, मॅडमचे, कोट शिवणाऱ्याचेसुद्धा. “मला इथे कुणी परकं केलं नाही,” ती म्हणाली. “चुकल्यावरही नाही.” एवढं बोलून ती खाली बसली.

दोन जागा दुसऱ्या दोघांना मिळाल्या. मॅडमनी तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. त्या दोघांचं काम पुरं झालं आहे, तुझ्या दहा आठवड्यांतले सहा वाया गेले, मला दुसरं काही करता येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा अर्ज कर. बटणने मान हलवली. हे न्यायाचंच होतं, म्हणून तर जास्त लागलं. स्वच्छतागृहात जाऊन ती पोटभर रडली, तोंड धुतलं आणि घरच्यांबरोबर हसत फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोट परत करायला आली. मिलिमीटरबाईंच्या खोलीत पन्नाशीचे एक गृहस्थ झग्यात बसून कुरकुरत होते. त्यांचं सलून होतं. तीस वर्षं खुर्चीमागे उभं राहून त्यांनी केस कापले होते. “मला काही होत नाही हो,” ते बाईंना सांगत होते. “जिना चढताना जरा थांबायला लागतं, ते काय सगळ्यांनाच लागतं. सकाळची गिऱ्हाइकं टाकून आलोय.” त्यांचं लक्ष बटणकडे गेलं. “पोरी, ही बट कुणी कापली? वाकडी आहे.”

बाईंच्या टेबलावरच्या कागदावर क्रमांक होता, एकशे अडतीस.

“कोट काढू नकोस,” बाई म्हणाल्या. “हात धू आणि बस इथे.”

बटण बसली. सलूनवाल्यांच्या छातीवर तिने प्रोब टेकवला. ते हृदय तिने आधी दोन फेऱ्यांत मोजलं होतं आणि आज पहिल्यांदा त्याला चेहरा होता. तिने वाट बघितली, चित्र थांबवलं. एक फुली. मग दुसरी. तिने ती हलवली नाही, कारण हलवायला काही कारण नव्हतं.

बाई पडद्याकडे पाठ करून रक्तदाबाचं यंत्र गुंडाळून ठेवत होत्या. आत्ताच घेतलेला दाब एवढा होता की तो लिहिताना त्यांनी पेन जरा जोरात दाबलं होतं.

“किती?” त्यांनी विचारलं.

“चौदा.” बाई वळतील, वाकतील, बघतील म्हणून ती खुर्ची मागे सारून उठायला लागली. “तुम्ही बघता ना?”

“कशाला?” बाई म्हणाल्या.

त्यांनी कागद पुढे ओढला. जाडीच्या रकान्यात चौदा लिहिलं, मोजणाऱ्याच्या रकान्यात मुलीचं हजेरीपटावरचं नाव लिहिलं आणि कागद तसाच मॅडमकडे पाठवून दिला. त्या आकड्यावर सलूनवाल्यांच्या गोळ्या त्याच दुपारी सुरू झाल्या.